सात नाताळांनंतर: बिजागरीच्या फांद्यांचे सहा फुटी कृत्रिम झाड

नाताळच्या कृत्रिम झाडांची बहुतेक परीक्षणे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिहिली जातात. झाड खोक्यातून बाहेर येऊन जेमतेम दोन तास झालेले असतात, घरातल्यांचा उत्साह ताजा असतो आणि अशा वेळी कोणतेही झाड चांगलेच दिसते. झाडाची खरी परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ते मिटून पुन्हा खोक्यात भरताना होते, आणि दुसरी त्यानंतर अकरा महिन्यांनी, खोके उघडताना. आमच्या झाडाने अशा सात फेऱ्या पूर्ण केल्या आहेत. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दर वर्षी झाड उतरवताना आम्ही दोन-चार ओळी लिहून ठेवतो: काय मोडले, काय हरवले, पुढच्या वर्षी काय आणायचे. हे परीक्षण मुख्यतः त्या झाकणावरूनच उतरवलेले आहे.

झाड सहा फूट, म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर उंचीचे आणि तीन तुकड्यांचे आहे. फांद्या मधल्या दांड्याला बिजागरीने कायमच्या जोडलेल्या आहेत, त्यामुळे तुकडा सरळ उभा धरला की त्या आपल्याच वजनाने खाली येऊन पसरतात. पाने दोन प्रकारची आहेत. बाहेरच्या बाजूला दिसणारी टोके साच्यात घडवलेल्या पॉलिइथिलीनची आहेत आणि आतला भराव पीव्हीसीच्या पातळ पट्ट्या बारीक कातरून, त्या तारेत पिळून केलेला आहे. खाली चार पायांचा लोखंडी स्टँड आहे. दिवे आधीपासून जोडलेले नाहीत. तसे झाड आम्ही मुद्दामच घेतले नाही आणि त्याचे कारण पुढे येईल. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण याच बांधणीची झाडे अनेक नावांनी विकली जातात आणि मला जे सांगायचे आहे ते बांधणीविषयीच आहे.

आमच्या घरातल्या एका रिवाजामुळे या झाडाची परीक्षा इतर घरांपेक्षा जरा कडक झाली, म्हणून तो आधी सांगते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा झाड कधी उभारायचे यावर दर वर्षी वाद होत असे. सासूबाईंच्या मते झाड २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच उभे राहिले पाहिजे, त्याआधी नाही. आगमनकाळ हा नाताळपूर्वीचा, वाट पाहण्याचा काळ आहे आणि सण आधीच मांडून ठेवला तर वाट कशाची पाहायची, असा त्यांचा रास्त प्रश्न असे. जर्मनीतल्या जुन्या चालीच्या घरांतही झाड त्याच संध्याकाळी सजवत. मुलांना मात्र आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी झाड हवे असे. हा रविवार नाताळपूर्वीचा चौथा रविवार असल्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. शेवटी तोड निघाली ती अशी: पहिल्या रविवारी झाड नुसते उभे करायचे, तिसऱ्या रविवारी त्यावर दिवे सोडायचे आणि बाकीची सजावट २४ तारखेच्या संध्याकाळी, सासूबाईंच्या देखरेखीखाली करायची. मुलांना झाड मिळाले आणि सासूबाईंना वाट पाहणे मिळाले.

याचा परिणाम असा, की आमचे झाड दोन आठवडे पूर्ण उघडे आणि त्यानंतर दहाएक दिवस केवळ दिव्यांनिशी उभे असते. गोळे, फिती, चांदण्या या सगळ्यांचा पडदा काढून घेतला की कृत्रिम झाडाचे दोष लपत नाहीत. पीव्हीसीची पाने दिवसाच्या उजेडात चकाकतात आणि त्यांचा हिरवा रंग किंचित निळसर दिसतो. पॉलिइथिलीनची टोके खऱ्या फांदीच्या साच्यावरून घडवलेली असल्यामुळे त्यांना जाडी असते, टोकाकडे फिकी होत जाणारी छटा असते आणि हात लावला तर ती बोचत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही फांद्या नीट न उलगडताच झाड उभे केले होते. मधला हिरवा रंगवलेला दांडा वरपासून खालपर्यंत दिसत होता. सासूबाई चष्मा पुसून जवळ आल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे झाड उभं केलंय की वाळत घातलंय?” त्या दिवशी आम्ही परत पहिल्या फांदीपासून सुरुवात केली.

खरेदी करताना खोक्यावर ‘टोकांची संख्या’ मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि विक्रेते तीच पुढे करतात. आमच्या खोक्यावर ८०० असा आकडा आहे. तिसऱ्या वर्षी धाकटा मुलगा तापातून उठल्यावर घरात अडकून पडला होता, तेव्हा त्याने प्रत्येक टोकाला खडूचा ठिपका लावत पूर्ण झाड मोजले. त्याची मोजणी ७६२ भरली. ३८ टोके कुठे गेली याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्यात पॉलिइथिलीनची टोके किती आणि पीव्हीसीची किती हे कुठेच लिहिलेले नसते याची. आमच्या झाडात पहिल्या प्रकारची टोके एकतृतीयांशाहून थोडी कमी आहेत. ती सगळी बाहेरच्या कडेला बसवलेली असल्याने झाड दाट आणि खरे वाटते, आणि ही रचना मला हुशारीची वाटते. तुम्ही मात्र दुकानात नमुना उभा असेल तर कडेच्या फांद्या बाजूला सारून आत पाहा. आतला भराव विरळ असेल तर दिवे लागल्यावर पहिल्यांदा उजळतो तो मधला दांडा.

तारेत पिळलेल्या पानांची ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसाची पिसे हिरवी रंगवून तारेवर गुंडाळत आणि अशा फांद्या लाकडी दांड्यात खोचून घरगुती झाडे तयार करत. त्या झाडांत दोन फांद्यांमध्ये भरपूर मोकळी जागा असे, आणि त्याचा फायदा असा की मेणबत्त्यांना जागा मिळे आणि काचेची सजावट तिथे सुटी लटकू शकत असे. आजच्या झाडांत दाटपणाची इतकी स्पर्धा लागली आहे, की लोंबती सजावट लटकायला जागाच उरत नाही आणि ती पानांवर आडवी पडून राहते. आमच्या झाडाने याबाबतीत मधला मार्ग धरला आहे. खालच्या तुकड्यात थरांमधले अंतर बरे आहे, वरच्या तुकड्यात ते अपुरे आहे.

उभारणीबद्दल माझे मत जवळजवळ पूर्णपणे अनुकूल आहे, आणि ते माहेरच्या झाडाशी तुलना केल्यामुळे आहे. त्या झाडाच्या फांद्या सुट्या होत्या. प्रत्येक फांदीच्या बुडाशी असलेल्या हुकाला रंग लावलेला असे आणि त्या रंगाच्या खाचेत ती अडकवायची असे. पाच-सहा वर्षांत रंग उडाले. त्यानंतर दर डिसेंबरात बाबा सगळ्या फांद्या जमिनीवर लांबीनुसार मांडत बसत आणि एखादी तरी फांदी अखेरपर्यंत कुठेच बसत नसे. बिजागरीच्या झाडात हा प्रकार नाही. दांड्याचे तीन तुकडे एकात एक खोवायचे, फांद्या खाली सोडायच्या आणि मग प्रत्येक फांदीची टोके हाताने उलगडायची. हे शेवटचे काम मात्र कोणतेही झाड तुमच्यासाठी करत नाही. टोके एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर अशी पंख्यासारखी वळवावी लागतात आणि सुरुवात दांड्याजवळून करून बाहेर यावे लागते. उलट केले तर आतला भाग मिटलेलाच राहतो. आमच्याकडे खालचा तुकडा धाकट्याकडे, मधला मुलीकडे आणि वरचा माझ्या पतींकडे आहे. झाकणावरच्या नोंदीनुसार पहिल्या वर्षी २ तास १० मिनिटे लागली होती, गेल्या वर्षी ५० मिनिटे. जुनी तार आता वळणाला सरावली आहे आणि मुलेही. उलगडताना जाड सुती हातमोजे घालावेत, आणि काम झाल्यावर सगळ्यांनी हात धुवावेत. जुन्या पीव्हीसीमध्ये टिकाऊपणासाठी शिशाची संयुगे मिसळत असत, त्यामुळे वारशाने आलेले जुने झाड वापरणाऱ्यांनी तर ही काळजी घ्यावीच.

बिजागरीचा तोटा आमच्या लक्षात आला तो गोठा मांडताना. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे रूढ केली असे मानले जाते. त्यांनी चारा भरलेली गव्हाणी आणि खरोखरचे बैल व गाढव आणवले होते. आमचा गोठा लाकडी आहे, सासऱ्यांनी स्वतः केलेला, २८ सेंटिमीटर उंच, आणि तो झाडाखालीच ठेवायचा हे ठरलेले. या झाडाच्या सर्वांत खालच्या फांद्या जमिनीपासून २० सेंटिमीटरवर येतात. सुट्या फांद्यांच्या झाडात समोरच्या दोन फांद्या काढून टाकता आल्या असत्या. बिजागरीच्या झाडात त्या काढता येत नाहीत. पहिल्या वर्षी गोठा बाजूच्या तिपाईवर गेला आणि सासरे दिवसभर काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षापासून आम्ही समोरच्या दोन फांद्या सुती फितीने वर बांधतो, त्यामुळे गोठ्यापुढे महिरप झाल्यासारखी दिसते. बाळ येशू २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवला जात नाही आणि मागी लोक, म्हणजे बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, खिडकीच्या कट्ट्यावरून निघून रोज थोडे थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाला, गोठ्यापर्यंत पोहोचतात. शेवटच्या दोन दिवसांत त्यांना याच बांधलेल्या फांद्यांखालून जावे लागते. गोठा ठेवणाऱ्या घरांनी झाडाची एकूण उंची पाहण्याआधी खालच्या फांदीची उंची मोजावी. हे माप खोक्यावर छापलेले नसते.

फांदी किती वजन पेलते हेही खोक्यावर लिहिलेले नसते. त्यासाठी आमची जुनी युक्ती किल्ल्यांची आहे. दुकानातल्या नमुन्याच्या एका फांदीच्या टोकाला घराच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवावा आणि मिनिटभर पाहावे. फांदी थोडी वाकून थांबली तर ठीक. हळूहळू वाकतच राहिली तर आतली तार बारीक आहे असे समजावे. हे झाड घेताना आम्ही ही परीक्षा केली होती आणि ते तीत उतरले होते. सात वर्षांनंतर खालच्या आणि मधल्या तुकड्यातल्या फांद्या अजूनही पूर्वीच्याच कोनात राहतात. वरच्या तुकड्यातल्या तीन फांद्या मात्र सैल झाल्या आहेत, कारण तिथल्या बिजागऱ्या पत्र्याच्या पातळ पट्टीच्या आहेत.

आमच्याकडची सजावट हलकी नाही, हेही सांगायला हवे. तोंडाने फुंकून केलेल्या काचेच्या सजावटीचे माहेरघर म्हणजे जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे गाव. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही सजावट तयार होऊ लागली आणि १८८० च्या दशकात अमेरिकी व्यापारी फ्रँक वुलवर्थ यांनी ती आपल्या दुकानांत आणल्यावर तिचा मोठा प्रसार झाला. त्या पद्धतीचा एक काचेचा पक्षी आमच्या घरात तीन पिढ्या आहे. त्याचे अंग करंगळीएवढे आहे, त्यावरची चंदेरी कल्हई पोटाकडे उडाली आहे, आणि शेपूट काचेच्या केसांसारख्या धाग्यांची आहे. तो दोऱ्याने लटकत नाही. त्याच्या पायाशी छोटा चिमटा आहे आणि तो फांदीवर बसवावा लागतो. माहेरच्या झाडावर अशा वस्तू कधी टिकल्या नसत्या, कारण पीव्हीसीच्या पातळ पट्ट्यांवर चिमटा घसरतो. इथे पॉलिइथिलीनच्या जाड टोकाला तो घट्ट धरतो. २४ तारखेला शेवटची वस्तू म्हणून सासूबाई तो पक्षी बसवतात, आणि सात वर्षांत तो एकदाही खाली आलेला नाही. टोकांचा दर्जा कसा आहे असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगते.

आता दिव्यांविषयी. दिवे जोडलेले झाड घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. झाड दहा-पंधरा वर्षे टिकू शकते. दिव्यांची माळ तितकी टिकत नाही. लांब एलईडी माळेत दिव्यांचे गट केलेले असतात, एका गटातले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि असे गट एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे एक जोड तुटला की अख्खा गट विझतो आणि बाकीची माळ चालू राहते. आमची पहिली माळ पाचव्या वर्षी अशीच मधोमध काळी पडली. ती सुटी असल्यामुळे काढून दुसरी सोडायला अर्धा तास लागला. तीच जर प्रत्येक फांदीला चिमट्यांनी बांधलेली असती तर धडधाकट झाडाच्या पोटात काळा पट्टा घेऊन सण करावा लागला असता किंवा झाडच बदलावे लागले असते. सहा फुटी झाडाला ३०० दिव्यांची माळ आम्हाला पुरते, पण ती बाहेरून गुंडाळून नव्हे. दांड्यापासून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आत आणायची, म्हणजे उजेड आतून येतो. रंग आम्ही उबदार पिवळसर घेतला. निळसर पांढऱ्या दिव्यांत पीव्हीसीची चकाकी जास्तच उठून दिसते.

विजेचे दिवे झाडावर आले ते १८८२ साली, एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या न्यूयॉर्कमधील घरात; लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे ८० दिवे त्यांनी फिरत्या झाडावर लावले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲल्युमिनियमची चकचकीत झाडे निघाली तेव्हा मात्र विजेची माळ पुन्हा उतरवावी लागली, कारण सगळे झाडच धातूचे असल्याने खराब तारेतून वीज उतरण्याचा धोका होता. मग जमिनीवर दिवा आणि त्यापुढे रंगीत फिरते चाक ठेवून झाडावर प्रकाश टाकत. आमच्या झाडाच्या प्रत्येक फांदीतही तारच आहे, म्हणून माळ सोडण्यापूर्वी तिच्या वेष्टनाला कुठे चीर गेली आहे का हे आम्ही बोटांतून ओढून पाहतो, आणि कमी व्होल्टेजच्या अडॅप्टरवर चालणारीच माळ घेतो.

आगीसंबंधी खोक्यावर ‘ज्वालारोधक’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ बरेच जण चुकीचा घेतात. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असल्यामुळे ते सहजासहजी पेट घेत नाही. पॉलिइथिलीन मात्र मेणासारखे वितळत जळते, म्हणून त्यात ज्वालारोधक मिसळावे लागते. त्या मिश्रणामुळे आग लागायला आणि पसरायला वेळ लागतो. झाड जळणारच नाही असे त्यातून निघत नाही. आमच्या घरी आगमनकाळात चार मेणबत्त्यांचे वलयही असते. या वलयाची सुरुवात योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ साली हॅम्बुर्गमधल्या मुलांच्या आश्रमात केली. मुले नाताळ किती दिवसांवर आला असे सारखे विचारत, म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर रोजच्या वीस लहान लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. आमचे वलय जेवणाच्या टेबलावर, झाडापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते, आणि झाडावर खरी मेणबत्ती कधीच लागत नाही.

स्टँडच्या बाबतीत हे उत्पादन कमी पडते. चार पाय, ते उघडून पसरायचे आणि दांडा कडीसारखे डोके असलेल्या दोन बोल्टांनी आवळायचा, इतकी साधी रचना आहे, पण पायांखालच्या रबरी टोप्या दुसऱ्या वर्षीच फाटल्या आणि लोखंडाचे चरे फरशीवर उमटले. शिवाय आमच्या खोक्यात दोनऐवजी एकच बोल्ट निघाला होता. विक्रेत्याशी संपर्क साधला तेव्हा सुटा भाग देता येत नाही, पूर्ण झाड परत पाठवा, असे उत्तर मिळाले. डिसेंबरचा दुसरा आठवडा चालू असताना एका बोल्टापायी झाड परत पाठवणे आम्हाला शक्य नव्हते. माझ्या पतींनी हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्यांचा बोल्ट आणला आणि तो आजतागायत मूळ बोल्टापेक्षा चांगला बसतो. पूर्ण झाड बदलून देण्याची तयारी असलेला विक्रेता एक बोल्ट देऊ शकत नाही, हे मला आजही कळलेले नाही.

शेंड्याविषयी थोडक्यात: वरचे टोक एका बारीक तारेचे आहे आणि दोनशे ग्रॅमचा तारा ठेवला की ते मान टाकते. आम्ही त्याला मागून बांबूची काडी बांधतो. ती दिसत नाही.

खरे झाड की कृत्रिम, हा प्रश्न मुलगी मोठी झाल्यापासून घरात दर वर्षी निघतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्टच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तितक्याच उंचीचे खरे झाड सणानंतर कचऱ्याच्या भरावात गेले तर सुमारे १६ किलो, आणि जाळले तर सुमारे साडेतीन किलो. म्हणजे खऱ्या झाडाची नीट विल्हेवाट लावणाऱ्या घराशी बरोबरी करायची तर कृत्रिम झाड दहा-बारा वर्षे तरी वापरले पाहिजे. शेतावर लावलेल्या झाडालाही सहा फुटांपर्यंत वाढायला बहुधा सात ते दहा वर्षे लागतात. मुलीने गेल्या वर्षी हिशेब मांडून सांगितले, की आमच्या झाडाचे अजून निदान तीन ते पाच नाताळ बाकी आहेत आणि त्याआधी त्याचा कंटाळा येऊन चालणार नाही. खऱ्या झाडाच्या राळेचा वास मात्र याला नाही. त्यासाठी मिळणारा सुगंधी फवारा आम्ही एकदा आणला होता. झाडाऐवजी धुतलेल्या फरशीचा वास घरभर पसरला.

हे सगळे आकडे झाड टिकले तरच उपयोगाचे, आणि झाड टिकते की नाही ते ठरते उतरवताना. आम्ही ६ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी झाड उतरवतो. काही घरांत ते ५ जानेवारीच्या संध्याकाळीच उतरते आणि काही ठिकाणी २ फेब्रुवारीपर्यंत राहते, पण झाड आणि मागी लोक यांचा मुक्काम एकाच दिवशी हलावा अशी आमच्याकडची पद्धत आहे. नवे झाड कारखान्यातून दाबून भरलेले येते आणि ते पुन्हा कधीही त्या खोक्यात पूर्वीसारखे मावत नाही, ही या धंद्यातली जुनी लबाडी आहे. पहिल्या जानेवारीत आम्ही ते कोंबले, त्यामुळे खोक्याचा एक कोपरा फाटला आणि पुढच्या डिसेंबरात खालच्या थरातल्या टोकांना कायमची घडी पडलेली सापडली. तेव्हापासून दोन तुकडे कापडी पिशवीत जातात आणि खोक्यात फक्त वरचा तुकडा, स्टँड आणि माळा. फांद्या वरच्या दिशेने, दांड्याला धरून, खालून वर मिटायच्या, आणि प्रत्येक तुकड्याला तीन ठिकाणी सुती पट्टीने बांधायचे. दोरी वापरली तर ती टोकांत रुतते. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळायची. जागा कोरडी आणि थंड हवी, छपराखालची तापणारी नको, कारण उष्णतेने पीव्हीसी ठिसूळ होते आणि पाने झडू लागतात. पहिल्या वर्षी जमिनीवरून मूठभर पाने झाडून काढली होती, आता चिमूटभर निघतात. निर्मात्याने खोके दहा सेंटिमीटरने रुंद केले असते तर यातली निम्मी कसरत वाचली असती.

छोट्या घरात, लहान मुलांसह, दर वर्षी झटपट उभे राहणारे झाड हवे असेल तर बिजागरीची आणि मिश्र पानांची ही बांधणी घ्यावी, दिव्यांविना घ्यावी, आणि विकत घेतल्या दिवशीच बोल्ट मोजावेत. झाडाखाली उंच गोठा ठेवणाऱ्यांनी किंवा शेंड्यावर जड तारा लावणाऱ्यांनी दुसरे काही पाहावे, नाहीतर फीत आणि काडी जवळ ठेवावी. मी हेच झाड पुन्हा घेईन, स्टँड मात्र दुसरा घेईन.

झाकणावरची सर्वांत ताजी नोंद गेल्या जानेवारीतली आहे आणि ती तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे. पहिली ओळ माझ्या पतींची: “वरच्या तुकड्याच्या तीन बिजागऱ्या सैल, तारेने आवळणे.” दुसरी मुलीची: “नवीन माळ चालू आहे, जुनीचा पुठ्ठा ठेवला आहे.” तिसरी सासूबाईंची, पेन्सिलीने, जरा तिरपी: “पक्षी माझ्या कपाटात आहे. खोक्यात शोधू नये.”